उलट लहर

बार्शीत बारावीचा निकाल लागला की मुलं आधी घरी जात, मग देवळात किंवा दर्ग्यात, आणि तिथून थेट होनमान्यांच्या दुकानात. पाटीवर 'होनमाने झेरॉक्स' असं लिहिलेलं होतं खरं, पण झेरॉक्सचं काम केव्हाच संपत आलं होतं. भारत होनमाने प्रवेशाचे फॉर्म भरून देत. कुठल्या कॉलेजला कुठला दाखला लागतो, तो तहसीलमधून किती दिवसांत निघतो, कुठली शिष्यवृत्ती कोणत्या तारखेला बंद होते, हे त्यांना तोंडपाठ होतं. फॉर्म भरून झाला की पालक हमखास विचारत, मग काय करू दे पोराला? भारतराव त्यांना सुचेल ते प्रामाणिकपणे सांगत.

त्यांची मुलगी ईश्वरी बारावीत गेली त्याच जूनमध्ये दुकानाच्या मागच्या खोलीत चाचणीचं यंत्र बसलं. एक खुर्ची, एक पडदा आणि कपाळावरून डोक्याभोवती बांधायची मऊ पट्टी. यंत्राचं खरं नाव लांबलचक होतं. मुलांनी पहिल्याच आठवड्यात ते 'पट्टी' करून टाकलं. तुझी पट्टी झाली का, असं एकमेकांना विचारू लागले.

यंत्रामागची कल्पना साधी होती. माणसाच्या हातून चूक झाली की त्याला ती उमगण्याआधीच, सेकंदाच्या दहाव्या भागात, मेंदूच्या पुढच्या भागात विजेची एक बारीकशी लहर उठते. ही गोष्ट शास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होती. नवीन शोध होता तो पुढचा. एखादं काम आपण पहिल्यांदा करतो तेव्हा ही लहर अगदी फिकी असते, कारण आपण चुकलो हेच मेंदूला समजत नाही. काम जमू लागतं तशी ती ठळक होत जाते. शिकणं म्हणजे आपली चूक आपल्याला लवकर कळत जाणं. ही लहर किती वेगाने ठळक होते ते मोजलं, तर त्या जातीचं काम तो मेंदू किती वेगाने शिकेल हे सांगता येतं. दोन तासांत नऊ प्रकारची, आधी कुणीच न केलेली कामं पडद्यावर करायची: आकृत्या फिरवायच्या, सूर ओळखायचे, चेहरे वाचायचे, आकड्यांची रांग लावायची. मग नऊ आकडे छापून येत, प्रत्येकी शंभरपैकी. घोकंपट्टीचा उपयोग नव्हता, कारण कामं दर वेळी नवी असत. कागदाच्या तळाशी एक ओळ होती: 'हा आकडा वेग सांगतो, पोहोच सांगत नाही.' ती ओळ फारसं कुणी वाचत नसे.

ईश्वरीला सातवीपासून वास्तुविशारद व्हायचं होतं. शाळेच्या खिडकीतून तिने बाजार समितीची नवी इमारत पायापासून गच्चीपर्यंत उभी राहताना पाहिली होती आणि तेव्हापासून वह्याच्या वह्या घरांच्या नकाशांनी भरल्या होत्या. तिची पट्टी होणार हे ठरलेलंच होतं. एकटीला कंटाळा येईल म्हणून तिने अलफियाला ओढून आणलं.

अलफिया मुलाणी पाचवीपासून तिच्या बाकावर बसत होती. वडील जमीरभाई फरशी बसवायचं काम घेत. अलफियाला काय व्हायचं आहे हे कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही कधी मनावर घेतलं नव्हतं. बी.कॉम. करावं, मग बघावं, एवढंच.

दोघींचे कागद एका पाठोपाठ एक छापून आले. 'अवकाश आणि आकार' या रकान्यात ईश्वरीचा आकडा होता एक्केचाळीस. अलफियाचा चौऱ्याण्णव.

अलफिया हसली. म्हणाली, सुट्टीत अब्बांच्या कामावर जाते ना, कोपऱ्यात कुठला तुकडा बसेल ते मीच सांगते, त्याचं असेल. तिने कागदाची घडी करून दप्तरात टाकली आणि भेळ खायला चल म्हणाली. ईश्वरी गेली. भेळेला चव नव्हती. तिचा सगळ्यात मोठा आकडा 'चेहरे आणि भाव' या रकान्यात होता, अठ्ठ्याऐंशी. त्याचं काय करायचं हे तिला कळेना. कुणी न मागितलेली वस्तू हातात द्यावी तसं तिला झालं.

पुढच्या महिन्यात ती बदलत गेली, आणि बदलतेय हे तिला दिसत होतं. यंत्राची नोंद दुकानाच्या संगणकात असे. दुपारी बाबा जेवायला गेले की ती अलफियाचा कागद उघडून बघायची, जणू काही आकडा उतरला असेल. घोलप सरांनी वर्गात चौऱ्याण्णवचा उल्लेख केला तेव्हा ईश्वरीने इतर मुलींपेक्षा जास्त जोरात टाळ्या वाजवल्या आणि तिचे तळहात झोंबले. अलफियाला ताप आला तेव्हा ती तिला भेटायला गेली, कपाळाला हात लावला, मोसंबी सोलून दिली. घरी येताना आपल्याला बरं वाटतंय हे तिच्या लक्षात आलं, आणि मग बरं वाटेनासं झालं.

सरांच्या बोलण्यानंतर अलफियालाही कुतूहल वाटू लागलं होतं. तिने ईश्वरीच्या वह्या मागितल्या. नाही कसं म्हणणार? ईश्वरीने दिल्या, नकाशा कसा वाचायचा तेही शिकवलं. पंधरा दिवसांनी अलफियाने एका दुमजली घराच्या नकाशावर बोट ठेवलं. तो ईश्वरीचा सगळ्यात आवडता नकाशा होता. तिने तो दोन वर्षांत चार वेळा काढला होता.

"इथं जिन्यावरून येणाऱ्या माणसाचं डोकं आपटेल बघ," अलफिया म्हणाली. "वरची तुळई खाली येतेय."

ईश्वरीने मोजून पाहिलं. खरंच आपटलं असतं. चारही वेळा आपटलं असतं. तिने खोडरबर घेतलं आणि कागद फाटेपर्यंत ती तुळई खोडली. अलफियाला वाटलं, ती चूक दुरुस्त करतेय.

ऑक्टोबरात एके दुपारी जमीरभाई दुकानात आले. बाहेर चपला काढून, हातापायाला लागलेलं सिमेंट नळावर धुऊन ते आत बसले. भारतराव तहसील कचेरीत गेले होते. जमीरभाई म्हणाले, काही हरकत नाही, तुलाच विचारतो, तुला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. मास्तर म्हणतात पोरीला पुण्याला वास्तुशाळेत घाला. आमच्या घरात कुणी एवढं शिकलेलं नाही. तू तिची मैत्रीण आहेस, तू सांग.

ईश्वरी एकही शब्द खोटा बोलली नाही. कोर्स पाच वर्षांचा आहे, हे तिने सांगितलं. मुलींना स्टुडिओत उशिरापर्यंत थांबावं लागतं. मॉडेलचं सामान सारखं विकत घ्यावं लागतं. पास झालेल्या बऱ्याच मुलांना चांगलं काम मिळायला वर्षं जातात. आणि पट्टीचा आकडा नुसता वेग सांगतो, कागदावरच तसं लिहिलेलं आहे. तिने तळाची ओळ त्यांना वाचूनही दाखवली. बोलताना ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि कुठलं वाक्य कुठे लागलं हे तिला स्पष्ट दिसत होतं. 'उशिरापर्यंत' हा शब्द तिने दुसऱ्यांदा उच्चारला तो त्यामुळेच.

वास्तुशाळेत बार्शीच्याच दोन मुली शिकत होत्या आणि त्यांचे फोन नंबर दुकानाच्या वहीत होते, हे तिने सांगितलं नाही. आपण स्वतः तिथलाच फॉर्म भरणार आहोत, हेही नाही.

जमीरभाईंनी सगळं ऐकून घेतलं. जाताना म्हणाले, बरं झालं तुला विचारलं.

दुसऱ्या दिवशी अलफियाने सांगितलं की अब्बांनी बी.कॉम. ठरवलं आहे. ती फार खट्टू झालेली दिसली नाही. चार महिन्यांपूर्वी मला तरी कुठे माहीत होतं, असं म्हणाली. पण त्यानंतर तिने वह्या मागितल्या नाहीत. त्या आठवड्यात ईश्वरीला शांत झोप लागली. अभ्यासही चांगला झाला.

जानेवारीत वास्तुशाळेने नवा नियम काढला. इमारत अनेकजण मिळून बांधतात, म्हणून प्रवेशासाठी जोडचाचणीही हवी. तिचं शास्त्र पहिल्या चाचणीच्या पुढचं होतं. दुसरा माणूस चुकताना आपण पाहतो तेव्हाही आपल्या मेंदूत तीच लहर उठते, जरा उशिरा आणि जरा लहान. दुसऱ्याच्या चुकीतून आपण शिकू शकतो ते या लहरीमुळे. पण समोरचा हरावा असं आपल्याला मनातून वाटत असेल, तर त्याच्या चुकीवर ही लहर उठत नाही. तिच्या जागी बक्षीस मिळाल्यावर उठते ती लहर उठते. कागदावर तिला 'उलट लहर' म्हणत. अनोळखी माणसाबरोबरचे आकडे भरवशाचे नसत, म्हणून जोडीदार निदान वर्षभर ओळखीचा हवा होता. आणि चाचणी दोघांची असल्यामुळे दोन्ही कागद दोघांनाही मिळत.

ईश्वरी हे सगळं जाणून होती. रोज तीच तर मुलांना समजावून सांगत होती. तिने मनात मामेबहिणीला जोडीदार ठरवलं होतं. पण अलफिया काही छापून घ्यायला दुकानात आली असताना भारतरावांनीच तिला विचारून टाकलं, आमच्या ईश्वरीबरोबर बसशील का गं? अलफिया लगेच हो म्हणाली. आता नको म्हणायला ईश्वरीकडे सांगता येण्याजोगं कारण नव्हतं. तिने स्वतःला समजावलं की मन ताब्यात ठेवलं की झालं. अलफिया चुकली की आपण वाईट वाटून घ्यायचं.

दोघी समोरासमोर बसल्या. पडद्यावर ठोकळ्यांची रचना येई. एकीने उरलेला ठोकळा बसवायचा, दुसरीने बघायचं, मग पाळी बदलायची. अलफिया फार कमी चुकत होती. चुकली की जीभ चावायची. ईश्वरी प्रत्येक वेळी मनात म्हणत होती, अरेरे, बिचारी. तिने हे अगदी नेमाने केलं. पट्टीला मात्र त्या शब्दांच्या आधीचं दिसत होतं.

कागद अलफियाच्या हाताशी छापून आले. तिने दोन्ही वाचले. तिचा स्वतःचा साधा होता: ईश्वरीच्या चुकांवर उठलेली लहर नेहमीसारखी, थोडी मोठीच. ईश्वरीच्या कागदावर लिहिलं होतं: 'जोडीदाराच्या चुकांवर उलट लहर: सत्त्याऐंशी टक्के वेळा.' खाली अर्थ सोप्या मराठीत दिलेला होता, कारण पालकांना समजावा असा नियम होता.

पंखा फिरत होता. पुढे दुकानात कुणीतरी भारतरावांशी रहिवासी दाखल्याबद्दल बोलत होतं.

"कधीपासून?" अलफियाने विचारलं.

ईश्वरी म्हणाली, "जूनपासून."

अलफियाने कागद पुन्हा वाचला. मग तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "अब्बा तुझ्याकडे आले होते. तू त्यांना काय सांगितलंस?"

ईश्वरीने सांगितलं. जे बोलली होती ते सगळं, आणि जे बोलली नव्हती तेही.  तिने डोक्याची पट्टी काढून खुर्चीवर नीट ठेवली, केस सारखे केले, पुढे जाऊन भारतरावांना 'येते काका' म्हणाली आणि निघून गेली. ती रडली असती किंवा ओरडली असती तर ईश्वरीला सोपं गेलं असतं.

मुलीचा चेहरा बघून भारतरावांनी विचारलं, आणि तिने त्यांनाही सांगितलं. त्यांनी बराच वेळ हातातला स्टॅपलर उघडमीट केला. मग म्हणाले, "इथं बसून आपण सांगतो ते लोक घरी जाऊन करतात, ईश्वरी. तेवढ्यावर करतात." त्या दिवसापासून त्यांनी तिला लोकांना सल्ला द्यायच्या पुढच्या खुर्चीवर बसू दिलं नाही.

वास्तुशाळेच्या अर्जाची मुदत सहा दिवसांवर आली होती. ईश्वरी दोन दिवस मुलाण्यांच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत आली. तिसऱ्या दिवशी तिला कळलं की जमीरभाई कुर्डुवाडी रस्त्यावरच्या एका नव्या मंगल कार्यालयात काम करताहेत. ती सायकलने तिथे गेली.

मोठा रिकामा हॉल होता. जमीरभाई गुडघ्यावर बसून रबरी हातोड्याने फरशी ठोकत होते आणि कान देऊन ऐकत होते. आवाज पोकळ आला की फरशी उचलायची, खाली सिमेंटचा माल भरायचा, पुन्हा बसवायची. ईश्वरी त्यांच्यासमोर उभी राहिली. फरशी ओली होती म्हणून बसताही येत नव्हतं. तिने उभ्या उभ्याच सांगितलं की चाचा, मी त्या दिवशी तुम्हाला फसवलं. अलफियाने पुण्याला जाऊ नये असं मला वाटत होतं, कारण ती माझ्यापेक्षा पुढे गेली असती. बार्शीच्या दोन मुली तिथे आहेत, हे त्यांचे नंबर. त्यातली एक मोमीन सरांची मुलगी आहे. तिच्या घरच्यांशी बोला.

त्यांनी चिठ्ठी घेतली नाही, हात मालाने भरले होते. तिने ती जवळच्या गोणीवर ठेवली.

"तू सांगितलंस ते खोटं होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. सगळं खरं होतं."

ते पुन्हा हातोडा उचलून दोन ठोके मारून थांबले. "मला अलफिया काही बोलली नाही," ते म्हणाले. "चार दिवस जेवण करते, भांडी घासते, बोलत नाही. मी म्हटलं परीक्षेचं टेन्शन असेल." मग त्यांनी हातोडा खाली ठेवला. "पोरी, तू खरं सांगितलंस. कशासाठी सांगतेस तेवढं सांगायला पाहिजे होतंस. मग मी माझं बघितलं असतं."

 ते म्हणाले, जा आता, उन्हाची आलीस, पाणी पिऊन जा. पाण्याचा जार कोपऱ्यात होता. ती पाणी प्यायली, कारण न पिता जाणं तिला जमलं नसतं.

मुदतीच्या आदल्या दिवशी जमीरभाई अलफियाला घेऊन दुकानात आले. अर्ज भारतरावांनी स्वतः भरला. जोडचाचणीचा कागद लागत होता. तो अलफियाकडे होताच. ईश्वरी मागच्या खोलीत दुसऱ्या मुलांच्या पट्ट्या बांधत होती. मधला दरवाजा उघडा होता. अलफियाचा आवाज तिला ऐकू येत होता: जन्मतारीख, आधार क्रमांक, आईचं नाव. अर्ज गेला तेव्हा ईश्वरीच्या छातीत तीच जुनी कळ उठली. कबुली दिली म्हणून ती कळ गेली नव्हती. हे तिला अपेक्षित नव्हतं. आपण खरं बोललो की आतलं सगळं धुऊन निघेल, असं तिला वाटलं होतं.

ईश्वरीचा अर्ज परत आला. उलट लहर साठ टक्क्यांच्या वर असली की एक वर्ष थांबायचं आणि पुन्हा चाचणी द्यायची, असा नियम होता. भारतराव म्हणाले, सोलापूरला इंटेरियर डिझाइनला जागा आहेत. ती नको म्हणाली. एक्केचाळीसच्या वेगाने का होईना, तिला तेच शिकायचं होतं. तिने वर्षभर थांबायचं ठरवलं.

ऑगस्टमध्ये अलफिया पुण्याला गेली. एसटी स्टँडवर ईश्वरी गेली नाही, कारण तिला कुणी बोलावलं नव्हतं. दिवसा ती मागच्या खोलीत काम करायची आणि उरलेल्या वेळात जिने काढायची. नुसते जिने. सरळ, वळणाचे, मध्ये टप्पा असलेले. प्रत्येकावरून एक माणूस चालवून बघायची. दिवाळीपर्यंत तिच्या जिन्यांवरचं कुणाचं डोकं आपटेनासं झालं. दिवाळीनंतर भारतरावांनी काही न बोलता तिला पुढची खुर्ची परत दिली. पहिल्याच दिवशी एक आई आपल्या मुलाला घेऊन आली आणि वास्तुरचनेबद्दल विचारू लागली. ईश्वरीने आधी सांगितलं, मला स्वतःला तिथेच जायचंय, माझा प्रवेश हुकलाय, तेवढं ध्यानात धरून माझं ऐका. त्या बाईंना ते जरा विचित्र वाटलं. पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

डिसेंबरमधल्या एका रविवारी दुपारी अलफियाचा फोन आला. अकरा महिन्यांत पहिला. ती इकडचं तिकडचं काहीच बोलली नाही. तिच्या पहिल्या मोठ्या कामाला परीक्षकांनी नापास केलं होतं. लहान मुलांच्या वाचनालयाचा आराखडा होता. सगळ्या वर्गासमोर एक बाई म्हणाल्या होत्या की ही इमारत मुलांसाठी बांधलेली वाटतच नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही, शोधा म्हणाल्या.

ऐकता ऐकता ईश्वरीला आत कुठेतरी हलकं वाटलं. पापणी लवण्याइतकाच वेळ. वर्षभरापूर्वी तिने त्याला दुसरं काहीतरी नाव दिलं असतं.

"अलफिया," ती म्हणाली, "तू नापास झालीस हे ऐकून मला क्षणभर बरं वाटलं."

 मग अलफिया म्हणाली, "वाटलंच असेल. इथं सगळ्यांनाच वाटलं. सगळे येऊन पाठीवरून हात फिरवून गेले." तिचा आवाज रडून बसलेला होता. "तू निदान सांगतेस तरी. मी आराखडा पाठवते. बघशील का?"

ईश्वरीने तो मोठ्या पडद्यावर उघडला. फार सुंदर होता. खिडक्या, उजेड, पुस्तकांचे गोल कप्पे, मधला चौक. ती जिन्यापाशी गेली, तुळया तपासल्या, उंची मोजली. कुठेच काही आपटत नव्हतं. अर्धा तास दोघी फोन कानाला लावून एकच चित्र बघत होत्या. ईश्वरी एकेक भाग मोठ्याने सांगत होती: इथून दार, इथे चपला, इथून आत आलं की समोर टेबल, टेबलामागे बसलेल्या बाई.

"थांब," अलफिया म्हणाली. "बाई कुणाकडे बघताहेत?"

"दाराकडे. येणाऱ्याकडे."

"म्हणजे मूल आत पाऊल टाकतं तोच कुणीतरी त्याच्यावर नजर ठेवून बसलेलं. मी टेबल दारासमोर मांडलंय, बँकेसारखं. सहा वर्षांचं पोर तिथूनच परत जाईल." ती भराभर काहीतरी रेखाटत असल्याचा आवाज आला. "बाईंचा चेहरा बाजूला वळलेला पाहिजे. मुलाने आधी पुस्तकं बघावीत, बाई नंतर."

चेहरे आणि भाव यांत अठ्ठ्याऐंशी आकडा ईश्वरीचा होता. ती अर्धा तास त्या टेबलाकडे बघत होती, आणि चूक सापडली ती अलफियालाच.

"आहेस का?" अलफियाने विचारलं.

"आहे," ईश्वरी म्हणाली. तिला पुन्हा हेवा वाटत होता, लख्ख आणि ओळखीचा. तिने खुर्ची पडद्याच्या जवळ ओढली. "टेबल खिडकीपाशी नेलंस तर उजेड बाईंच्या पाठीवर येईल, चेहरा अंधारात जाईल. मुलं घाबरतील. डावीकडे घे. आणखी डावीकडे."